पाच परदेशी तज्ज्ञांपैकी एक

चीनमधल्या छिंगतांग व्यवसाय व तंत्र महाविद्यालयाच्या वसंत सत्रातल्या नवव्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे समस्त अध्यापकवर्ग भोजनालयात वाडगे घेऊन रांगेत उभा असताना, सर्वांच्या फोनवर एक सूचना प्रसृत झाली. मूल्यांकन समिती सोळाव्या आठवड्यात येणार असल्याने प्रत्येक परीक्षेची प्रमाणित उत्तरे परीक्षेपूर्वीच दप्तरी दाखल करावीत, असे तिच्यात म्हटले होते. तोंडी परीक्षा यातून वगळलेल्या नाहीत, हे खाली जाड ठशात होते. एका मिनिटात भोजनालयातून एकशे चाळीस 'मिळाले' रवाना झाले. हॉवेल प्रॉबर्टनेही एका हातात नूडल्सचा वाडगा सावरत दुसऱ्या हाताने 'मिळाले' पाठवले. सूचना आधी मिळते, नंतर सवडीने वाचायची असते आणि समजून घ्यायची तर नसतेच, एवढे तो सात वर्षांत शिकला होता.

हॉवेलला महाविद्यालयाने हाओ हे नाव दिले होते आणि सगळे त्याला हाओ सर म्हणत. सहा वर्गांना तो इंग्रजी संभाषण शिकवी. काय शिकवतो, हे सात वर्षांत त्याला कोणी विचारले नव्हते. त्याच्याकडून अपेक्षा होती ती छायाचित्रात पहिल्या रांगेत मधोमध उभे राहण्याची, नववर्षाच्या कार्यक्रमात एक चिनी गाणे चुकतमाकत म्हणण्याची आणि वक्तृत्वस्पर्धेत परीक्षकांच्या खुर्चीत हसतमुख बसण्याची. ही तिन्ही कामे तो चोख करी. आला होता एका वर्षासाठी. दरम्यान तिकडे वेल्समधले आईचे घर विकले गेले, भाऊ वर्षातून एकदा नाताळला पत्र लिहू लागला, आणि इकडे फाटकाजवळची पावविक्रेती न विचारता त्याच्यासाठी दोन गरम वाफाळ पाव बाजूला काढून ठेवू लागली. कमळतळ्याच्या बाजूला पाचव्या मजल्यावर त्याला घर होते. दर जूनमध्ये करार वाढे, करार वाढला की निवासाचा परवाना वाढे. बाकी जगात त्याची वाट पाहणारे कोणी नव्हते.

त्याच्या समोरच्या टेबलावर क्वान मॅडम बसत. सव्वीस वर्षे व्याकरण शिकवणाऱ्या या बाई कधी परदेशी गेल्या नव्हत्या, आणि त्याच कारणावरून त्यांची बढती तीनदा नाकारली गेली होती. महाविद्यालयातल्या पोरांना जे काही इंग्रजी येई ते त्यांच्यामुळे, हे सर्वांना ठाऊक असल्याने कोणी बोलून दाखवत नसे.

"मॅडम, 'आज तुम्ही कसे आहात?' याचं प्रमाणित उत्तर काय लिहू?" हॉवेलने विचारले.

"'मी ठीक आहे, आभारी आहे, आणि तुम्ही?' चार गुण. 'ठीक'ला दोन, आभाराला एक, 'आणि तुम्ही'ला एक."

"आणि एखाद्याला खरंच बरं नसेल तर?"

"तर दोन गुण काप. परीक्षेच्या दिवशी बरं राहायचं एवढी अक्कल नको का त्याला?"

परीक्षेला पर्यटन शाखेची वेन शुआंग नावाची मुलगी सुजलेला गाल घेऊन आली. आज कशी आहेस, या प्रश्नावर ती म्हणाली, "दाढ फार दुखतेय सर, पण तुमच्याशी बोलण्याइतपत तोंड उघडतंय." त्या सत्रात हॉवेलच्या कानावर पडलेले ते सर्वांत शुद्ध आणि सर्वांत लांब इंग्रजी वाक्य होते. प्रमाणित उत्तरात दाढ नव्हती. त्याने लाल शाईने दोन गुण कापले. कापताना हात अडखळला. पुढच्या तासाभरात आणखी पाच जणांचे कापले, तेव्हा अडखळला नाही.

अकराव्या आठवड्यात ताओ साहेब नव्या चहाचा डबा घेऊन घरी आले. ताओ साहेब विदेश व्यवहार कार्यालयाचे प्रमुख. त्या कार्यालयात तीन कर्मचारी होते आणि ते तिघे मिळून एका हॉवेलचे व्यवहार पाहत.

"हाओ सर, एक छोटंसं काम होतं," म्हणत त्यांनी प्रवेशाचे माहितीपत्रक टेबलावर उघडले. तिसऱ्या पानावर लिहिले होते: पाच परदेशी तज्ज्ञांचे मार्गदर्शन.

"पाच? मी तर एकटाच आहे."

"तुम्ही आहात ना? मग झालं तर. चारच कमी आहेत."

"ते चार गेले कुठे?"

"गेले नाहीत हो, आलेच नाहीत. पदं मंजूर होती, जाहिरात दिली होती, माहितीपत्रक छापायला गेलं होतं. आता छापून आलेलं खोटं आहे असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? चार वर्षं छापतोय. आता समिती म्हणतेय, पाचही जणांची चार वर्षांची दप्तरं दाखवा. हजेऱ्या, पाठटाचणं, गुणपत्रकं." ताओ साहेबांनी चहा स्वतःच ओतला. "तुमचा करार जूनमध्येच संपतो, नाही का? म्हणजे सहज आठवलं म्हणून."

हॉवेलने त्या चहाचे दोन पेले घेतले आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागला.

चौघांची नावे कार्यालयाने आधीच ठरवली होती: रॉबर्ट, डॉक्टर क्लार्क, टेलर आणि मूर. हॉवेलने प्रत्येकाला वेगळे अक्षर दिले. क्लार्कचे बारीक आणि तिरके, टेलरचे चौकोनी, मूरचे डाव्या हाताने काढलेले. रॉबर्टचे मात्र मोठे, गोल, ऐसपैस. पहिला दिवस त्याला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी कंटाळा आला. तिसऱ्या दिवसापासून त्याला मजा येऊ लागली, आणि हे त्याने कोणालाही सांगितले नसते. रॉबर्टच्या पाठटाचणात त्याने ते सगळे लिहिले जे सात वर्षांपूर्वी येताना स्वतः करायचे ठरवले होते: मुलांना तळ्याकाठी नेऊन बोलते करणे, चुका मोजायच्या नाहीत, वर्गात मांडलेल्या नाटुकल्या. रॉबर्टने कोणाचेही गुण कापले नाहीत. रॉबर्ट उत्तम शिक्षक होता.

क्वान मॅडमनी एक गठ्ठा चाळून पाहिला. "याला काय म्हणतात माहीत आहे का रे?"

"दप्तर," हॉवेल म्हणाला.

"मी दुसरा शब्द सांगणार होते. असो. तुझा हा रॉबर्ट चांगला माणूस दिसतोय. तुझ्यापेक्षा बरा. भेटला असता तर मी त्याला जेवायला बोलावलं असतं."

दप्तरे इतकी उत्तम उतरली की अनर्थ ओढवला. कागद आधी मागवून वाचल्यावर समिती प्रभावित झाली आणि तिने कळवले की पाचही परदेशी तज्ज्ञांचे तास प्रत्यक्ष पाहण्यात येतील. ताओ साहेब या वेळी चहा न घेताच धावत आले.

"पाचही तास तुम्हीच घ्यायचे, हाओ सर. पाच इमारतींत. मध्ये वीस-वीस मिनिटं ठेवली आहेत. नाट्यमंडळाकडून मिशा, चष्मे, टोप्या मागवल्यात."

"अहो, ते ओळखतील ना!"

ताओ साहेब किंचित अवघडले. "रागावू नका हं. खरं सांगू? आम्हाला तुम्ही लोक सगळे सारखेच दिसता."

हॉवेल भयंकर दुखावला. सात वर्षे इथे काढली, इथली भाषा शिकलो, यांच्या लग्नामयताला गेलो, आणि आम्ही सगळे सारखेच! हे सगळे तो क्वान मॅडमपुढे तावातावाने ओकला. त्या पेपर तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुझ्या पर्यटनच्या वर्गात सत्तावन्न पोरं आहेत. दहा जणांची नावं सांग."

"लिली," हॉवेल म्हणाला. पोरांना उच्चारायला सोपी नावे तोच देई. "टॉम. दुसरी लिली. जॅक…"

"ही तू ठेवलेली. आईबापांनी ठेवलेली सांग."

हॉवेलने बरेच आठवून पाहिले. "वेन शुआंग," तो म्हणाला.

"दोन गुण कापलेस म्हणून लक्षात राहिली. बाकीचे सारखेच दिसतात ना? मग घाल मिशा आणि गप बस."

सोळाव्या आठवड्यात समिती आली. फाटकावर लाल फलक लागले, तळ्यातले शेवाळ काढले गेले, पावविक्रेतीला दोन दिवसांसाठी हलवण्यात आले. समितीचे अध्यक्ष प्राध्यापक गेंग मृदा अभियांत्रिकीतले नामवंत. उरलेल्या चार सदस्यांत एक लेखापाल, एक क्रीडा संचालक, एक पशुवैद्यकीचे आणि एक निवृत्त होते. वर्गावर्गांतून ताकीद गेली होती: समोर कोणीही आले तरी फळ्यावर जे नाव असेल त्याच नावाने अभिवादन करावे. ओळख दाखवणाऱ्याचे वर्तनाचे गुण कापले जातील.

पहिल्या तासाला परिचर्या शाखेवर डॉक्टर क्लार्क आले. जाड चष्मा, कोट, गंभीर मुद्रा. दुसऱ्या तासाला वाहन दुरुस्तीवर टेलर टोपी घालून आला. तिसऱ्यात मूरने डाव्या हाताने फळ्यावर लिहिले. चौथ्या तासाला पिवळट मिशा लावून रॉबर्ट आला, त्याने गिटार वाजवली आणि टेबलावर चढून गाणे म्हटले. त्या वर्गातल्या पोरांनी हूं की चूं न करता "सुप्रभात, रॉबर्ट सर" म्हटले. एकाच्याही चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. या शिस्तीची समितीने खास नोंद घेतली. क्रीडा संचालकांनी रॉबर्टबरोबर छायाचित्र काढून घेतले आणि हातात हात घेऊन म्हणाले, "अस्सल! बघताक्षणीच कळतं."

पाचव्या तासाला हॉवेल आला. मिशा काढल्यामुळे ओठावर लाल चट्टा उठला होता आणि पायात गोळे आले होते. समोर पर्यटनचा वर्ग होता. मागच्या बाकांवर समिती, तिच्या शेजारी ताओ साहेब, आणि नोंदी ठेवायला बसवलेल्या क्वान मॅडम. प्रमाणित प्रश्नांचा कागद त्याच्या हातात होता. दिवसभर चार खोट्या माणसांनी उत्तम शिकवले होते. आपल्या खऱ्या नावाचा तास तरी खरा व्हावा, असे त्याला वाटले. आता इतक्या उशिरा का वाटले, ते त्यालाही सांगता आले नसते. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला.

"वेन शुआंग," त्याने हाक मारली. खऱ्या नावाने हाक ऐकून ती दचकून उभी राहिली. "आज तू कशी आहेस? कागदावरचं नको. खरं सांग."

वेन शुआंगने मागच्या बाकांकडे पाहिले, मग त्याच्याकडे. आणि छोट्या, सुट्या वाक्यांच्या इंग्रजीत, शब्द शोधत, पण न थांबता बोलू लागली. "मी रागात आहे, सर. माझे वडील पंप दुरुस्त करतात. त्यांनी पुस्तकात पाच परदेशी शिक्षक पाहिले. दोन दुसरी कॉलेजं सोडली. मला इथे पाठवलं. मी पाच शोधले. एक सापडला. तो फोटोत असतो. सकाळी मैत्रिणीने सांगितलं, आज पाचही आलेत. पाचही तुम्हीच आहात. सगळ्या वर्गाला माहीत आहे. आम्ही बोललो तर गुण जातात. म्हणून मी इंग्रजीत बोलते. इंग्रजी यांना येत नाही."

क्वान मॅडमची लेखणी थांबली. सव्वीस वर्षांत शिकवलेले पूर्ण वाक्य, कर्ता, कर्म, क्रियापदासकट, पहिल्यांदाच त्यांच्यासमोर उभे राहून कामाला लागले होते. ताओ साहेब कौतुकाने मान डोलावत होते. प्राध्यापक गेंग शेजाऱ्याच्या कानाशी लागून म्हणाले, "फारच लांबण लावतेय." पोरगी बसली तेव्हा समितीने सौजन्य म्हणून टाळ्या वाजवल्या. हॉवेलला काहीतरी बोलायचे होते. त्याच्या तोंडून निघाले, "व्याकरण अगदी बरोबर आहे." त्यानंतर पोरे एकापाठोपाठ एक बोलू लागली, भांडल्यासारखी, आणि तास संपल्याची घंटा कोणाला ऐकू आली नाही.

समारोपाच्या सभेत प्राध्यापक गेंग यांनी अहवाल वाचला. परदेशी तज्ज्ञांपैकी चौघांचे अध्यापन उत्कृष्ट होते. रॉबर्ट यांना आदर्श शिक्षक घोषित करण्यात येत होते. पाचव्याबाबत मात्र समितीला खेद होता. विद्यार्थिनी प्रमाणित उत्तरापासून भरकटली असता शिक्षकाने तिला रोखले नाही. वर्गात गोंगाट होता. शिक्षकापेक्षा विद्यार्थी जास्त बोलले. उच्चार पाठ्यपुस्तकाबरोबरच्या ध्वनिफितीबरहुकूम नव्हते. एकूणात इसम परदेशी असल्याची छाप पडत नाही. सबब नियुक्ती पुढे चालू ठेवू नये.

हॉवेल उभा राहिला. "साहेब, रॉबर्ट मीच आहे."

ताओ साहेबांनी डोळे मिटून घेतले.

"क्लार्क मी, टेलर मी, मूरही मीच. त्या मुलीने वर्गात हेच सांगितलं. तुमच्यासमोर सांगितलं."

प्राध्यापक गेंग यांनी चष्मा काढला आणि अत्यंत मायेने म्हणाले, "हे बघा, निराशा मी समजू शकतो. पण सहकाऱ्याच्या कामाचं श्रेय असं स्वतःकडे ओढू नये. रॉबर्ट सरांचा तास मी स्वतः पाहिलाय. तुम्ही आणि ते? त्यांच्याकडून शिका काही." मग ते लेखनिकाकडे वळले. इतिवृत्तात नोंद झाली की हाओ सरांनी अन्य तज्ज्ञाच्या यशावर दावा सांगितला, ही बाब आचरणाच्या दृष्टीने गंभीर आहे.

ताओ साहेबांना खरेच वाईट वाटले. दुसऱ्या दिवशी ते घरी आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. "मी रात्रभर विचार केला. तुमचा करार गेला, पण रॉबर्टचा तीन वर्षांनी वाढलाय. तुम्ही रॉबर्ट म्हणून राहा!"

"आणि परवाना?"

"हां. परवान्याला पासपोर्ट लागतो." ताओ साहेब विचारात पडले. "रॉबर्टकडे पासपोर्ट नाही."

"माझ्याकडे आहे."

"पण तुम्हाला तर काढून टाकलंय."

दोघांनी यावर बराच वेळ चहा घेतला. मार्ग निघाला नाही. निघाला तो हॉवेल. बाकीचे चौघे राहिले. त्यांना परवाना लागत नव्हता, घर लागत नव्हते, ते आजारी पडत नव्हते, आणि सभेत उठून उभे राहण्याची तर त्यांच्याबाबत भीतीच नव्हती. पुढच्या सत्रापासून इंग्रजीचे सगळे तास त्यांच्या नावावर लावण्यात आले. क्वान मॅडमची नेमणूक त्यांच्या मदतनीस म्हणून झाली. वर्गात त्या उभ्या राहून शिकवत असताना खुर्चीवर रॉबर्टचे छायाचित्र ठेवले जाईल, म्हणजे कागदोपत्री अडचण यायची नाही, असे ठरले. वेन शुआंगचे वर्तनाचे पाच गुण कापले गेले. कारण लिहिले होते: अनावश्यक संभाषण.

परवान्याची मुदत ऑगस्टअखेर होती. सामान बांधून, घराची किल्ली परत करायला हॉवेल कार्यालयाकडे निघाला तो नेमका प्रवेशाचा दिवस होता. फाटकाशी गादीच्या वळकट्या, थर्मास, प्लास्टिकच्या बादल्या घेऊन आईबापांची झुंबड उडाली होती. समोर पुरुषभर उंचीचा फलक होता. त्यावर मिशीवाला रॉबर्ट गिटार घेऊन हसत होता. हॉवेल त्याच्यापुढे उभा राहिला आणि त्या माणसाकडे पाहत राहिला.

"ओ, जरा सरका की," मागून एक बाप म्हणाला. "मुलीचा सरांबरोबर फोटो काढायचाय."

हॉवेल सरकला. बापाने त्याच्याकडे निरखून पाहिले आणि पहारेकऱ्याला विचारले, "हा कोण?"

"हा होय? काढून टाकलेला. परदेशी वाटत नाही म्हणून."

बापाने मुलीला हॉवेलपासून दूर, फलकाच्या दुसऱ्या बाजूला उभे केले. फोटो झाल्यावर तो प्रवेशाच्या टेबलाशी गेला. टेबलामागे क्वान मॅडम होत्या.

"मॅडम, हिला इंग्रजी कोण शिकवणार?"

"मी."

"तुम्ही?" बापाचा चेहरा पडला. "नाही, म्हणजे राग मानू नका. आम्ही इतक्या लांबून फलकावरच्या सरांसाठी आलोय."

क्वान मॅडमनी हॉवेलकडे एकदा पाहिले. मग त्या मुलीकडे वळून तिच्याशी इंग्रजीत बोलल्या. सावकाश, स्वच्छ, एकेक शब्द सुटा. नाव काय, गाव कोणते, इथे यायचे तुझ्या मनात होते की वडिलांच्या. मुलगी हळूहळू उत्तरे देऊ लागली, आणि तिसऱ्या उत्तराला चक्क हसली.

बाप आ वासून ऐकत होता. "वा! तुमचं इंग्रजी तर फारच छान आहे हो. तुम्हाला कोणी शिकवलं?"

क्वान मॅडमनी त्याच्यामागे पाहिले. रांग मोठी होती आणि ऊन चढत होते.

"रॉबर्ट सरांनी," त्या म्हणाल्या.

"बघ!" बाप मुलीला म्हणाला आणि त्याने समाधानाने सही केली.

या बापाला हसण्याआधी वाचकांनी एक करावे. आपल्या मुलाच्या शाळेचे गुळगुळीत माहितीपत्रक कपाटातून काढावे आणि त्यातल्या गोऱ्या, हसऱ्या चेहऱ्याखालचे नाव वाचून पाहावे. नाव नसेल. त्या चेहऱ्याचा शोध घ्यायचा राहून गेला असेल, तर तो आता घेण्यातही अर्थ नाही. प्रवेश होऊन गेलेला आहे.